मूत्रपिंडविकारातील संसर्ग आणि पोषण

मूत्रपिंडांचे काम मंदावलेल्या किंवा थांबलेल्या रुग्णांत जंतुसंसर्ग आणि कुपोषण बहुधा जोडीनेच येतात व एकमेकांना बळ देतात. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल संसर्गाचा क्रमांक लागतो. अंग झिजलेल्या रुग्णाला संसर्ग लवकर गाठतो, आणि प्रत्येक संसर्ग त्याला आणखी झिजवून जातो. रुग्णालयात या दोन गोष्टींचे कागद वेगळे असतात, माणसेही वेगळी असतात. रुग्णाच्या शरीरात मात्र त्यांची फारकत करता येत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली की युरियाबरोबर इतरही अनेक टाकाऊ द्रव्ये रक्तात साचतात. पांढऱ्या पेशी मोजणीत पुरेशा भरतात, पण जंतू गिळण्याचे आणि मारण्याचे त्यांचे काम ढिले पडते. टी-पेशी व बी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा प्रतिसादही मंदावतो. याचा ढळढळीत पुरावा लसीकरणात दिसतो. ‘हेपॅटायटिस बी’च्या लसीची प्रौढांची नेहमीची मात्रा साधारण २० मायक्रोग्रॅम असते; डायलिसिसवरील रुग्णांना ती ४० मायक्रोग्रॅमची देतात. तरीही काहींच्या अंगी पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि झालेली लवकर ओसरतात, म्हणून त्यांची पातळी दरवर्षी तपासून गरजेप्रमाणे वर्धक मात्रा दिली जाते. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनिया घडवणारा एक जंतू) यांच्या लशीही या रुग्णांनी घ्यायच्या असतात. लस शक्य तितकी आधी, म्हणजे मूत्रपिंडे थोडीफार काम करत असतानाच घेतलेली बरी.

संसर्ग ओळखणेही सोपे नसते. या रुग्णांचे शरीराचे तापमान मुळात थोडे कमी असते, त्यामुळे गंभीर संसर्गातही ताप चढेलच असे नाही. जेवणावरची वासना उडणे, डायलिसिस चालू असताना रक्तदाब एकाएकी खाली येणे, वयस्कर रुग्णाने असंबद्ध बोलू लागणे, एवढ्याच खुणा कधी कधी हाती असतात. क्षयरोग तर हमखास चकवतो. या रुग्णांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, म्हणजे लसिका ग्रंथींत, फुप्फुसाच्या आवरणात किंवा पोटात असतो. प्रतिकारशक्ती मंद असल्याने त्वचेवरची चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. भूक मंदावणे, वजन घटणे, बारीक ताप आणि थकवा ही त्याची लक्षणे ‘किडनीचा त्रास आहे, असे होणारच’ म्हणून सहज खपून जातात.

नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडविकाराची तऱ्हा वेगळी. त्यात लघवीवाटे अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन जाते, तशी प्रतिपिंडेही वाहून जातात. सुजेने ताणलेल्या त्वचेवर लहानसा ओरखडासुद्धा जंतूंना पुरतो. मुलांत न्यूमोकॉकसमुळे पोटाच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. गेलेली प्रथिने खाऊन भरून काढावीत, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण आहारातली प्रथिने भरमसाट वाढवली की लघवीतून जाणारी प्रथिनेही वाढतात आणि रक्तातले अल्ब्युमिन फारसे हलत नाही.

डायलिसिस सुरू झाले की जंतूंना शरीरात शिरायला नव्या वाटा मिळतात. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेला कॅथेटर ही त्यांतली सर्वांत धोक्याची वाट, कारण नळीचे एक टोक बाहेर आणि दुसरे हृदयाजवळच्या रक्तप्रवाहात असते. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू या वाटेने रक्तात शिरला, तर तो हृदयाच्या झडपांवर किंवा मणक्यांत ठाण मांडू शकतो. हातातली स्वतःचीच धमनी व शीर जोडून केलेला फिस्टुला सर्वांत सुरक्षित. ही पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला अजून तोड सापडलेली नाही. कृत्रिम नळीचा ग्राफ्ट या दोहोंच्या मध्ये बसतो. फिस्टुला वापरायोग्य व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. तो वेळेवर करून घेतला नाही, तर कॅथेटरवाचून सुटका नसते. यंत्राच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रव गाळणीच्या पातळ पडद्यापलीकडून वाहतो. त्यातले जंतू पडदा ओलांडत नसले, तरी त्यांच्या विषांचे तुकडे ओलांडू शकतात.

पिशवीतला द्रव पोटात सोडून पुन्हा बाहेर काढायच्या पेरिटोनियल डायलिसिसमध्ये मुख्य भीती पोटाच्या आवरणाच्या दाहाची. पिशवी बदलताना जोडणीला हात लागणे किंवा हात नीट धुतलेले नसणे ही त्याची नेहमीची कारणे. घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अगदी साधी आहे : पोटातून बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी छापील कागदावर ठेवायची. अक्षरे स्वच्छ वाचता आली तर ठीक, धूसर दिसली तर पिशवी घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे. प्रयोगशाळेत त्या द्रवाच्या एका मायक्रोलिटरमध्ये १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आढळल्या, तर दाहाचे निदान जवळपास पक्के होते. प्रतिजैविक बहुधा पिशवीतूनच पोटात सोडले जाते.

आता पथ्याकडे. १९६३–६४ मध्ये इटलीतील जोर्दानो आणि जोव्हानेत्ती यांनी अत्यल्प प्रथिनांचा आहार मांडला. डायलिसिस फार थोड्यांच्या वाट्याला येण्याचा तो काळ होता. मळमळ, उलट्या, खाज कमी करायला दुसरे साधन नव्हते. त्या आहाराचा पगडा अजून टिकून आहे. डायलिसिसपूर्वीच्या टप्प्यात प्रथिने आवरण्याला आजही अर्थ आहे. मार्गदर्शक सूत्रांत दिवसाला दर किलो वजनामागे ०.५५–०.६० ग्रॅम किंवा ०.८ ग्रॅम असे वेगवेगळे आकडे आढळतात. डायलिसिस सुरू झाल्यावर हाच आकडा १.० ते १.२ ग्रॅम होतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आधी ३३ ते ४८ ग्रॅम पुरत होते, त्याला आता ६० ते ७२ ग्रॅम लागतात. रक्ताच्या डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात आणि आवरणाला दाह झाला की हे प्रमाण आणखी वाढते. तरी कित्येक घरांत पथ्याचा जुना कागद भिंतीवरून उतरत नाही. अंडी, मासे, दूध, डाळी यांना ‘किडनीला वाईट’ म्हणून केलेली मनाई डायलिसिसच्या तिसऱ्या वर्षीही पाळली जाते, तीही मोठ्या निष्ठेने. या रुग्णांच्या आहारातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच म्हणावी लागेल.

प्रथिनांबरोबर फॉस्फरस येतो आणि निकामी मूत्रपिंडे तो नीट बाहेर टाकू शकत नाहीत, ही अडचण खरी. पण त्यावर इलाज प्रथिने तोडणे हा नव्हे. डबाबंद व प्रक्रिया केलेल्या पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे शोषले जाते, वनस्पतिजन्य पदार्थांतले त्याहून बरेच कमी. तेव्हा कात्री आधी तिथे लावावी. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिनांच्या मानाने फॉस्फरस नगण्य असतो. फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, तासाभराने घेतल्यास त्यांचा उपयोग उरत नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळल्या आणि ते पाणी फेकले, की त्यांतले, असेच रक्तात साचणारे पोटॅशियम बरेच कमी होते. उष्मांक दिवसाला दर किलोमागे २५ ते ३५ किलोकॅलरी हवेत. ते कमी पडले, तर खाल्लेली प्रथिने सरपणासारखी जळून जातात.

डायलिसिसवरच्या रुग्णाचे वजन पुष्कळदा फसवते. अंगातले जादा पाणी काढल्यावर जे उरायला हवे, त्याला ‘कोरडे वजन’ म्हणतात आणि यंत्रावर तोच आकडा लक्ष्य म्हणून ठेवलेला असतो. समजा, न्यूमोनियाने रुग्ण दोन आठवडे अंथरुणाला खिळला आणि त्याचे तीन किलो मांस झडले. परत आल्यावर जुनेच लक्ष्य कायम राहिले, तर त्या तीन किलोंची जागा पाणी घेते. काटा तोच आकडा दाखवतो, नोंदवहीत सारे आलबेल असते. इकडे कानशिले बसलेली असतात, रक्तदाब वाढतो, रात्री आडवे झाले की धाप लागते. म्हणून कुठल्याही मोठ्या आजारानंतर कोरडे वजन नव्याने ठरवावे लागते.

अल्ब्युमिनच्या अहवालाचेही असेच. ते घसरले की ‘खाणे कमी पडते’ असा निष्कर्ष लगोलग काढला जातो. पण शरीरात दाह पेटला, की यकृत अल्ब्युमिन बनवणे आवरते घेते आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखी दाहाची प्रथिने बनवू लागते. चांगले खाणाऱ्या रुग्णाचे अल्ब्युमिन एकाएकी खाली आले, तर ताटाआधी लपलेल्या संसर्गासाठी कॅथेटर, पाय आणि दात पाहावेत. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या झिजेला ‘प्रथिन-ऊर्जा ऱ्हास’ असे नाव सुचवले. त्याच्या निकषांत अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.८ ग्रॅमहून कमी असण्याबरोबर घटते वजन, झडते स्नायू आणि अपुरा आहार हेही धरले आहेत. निव्वळ उपासमारीपेक्षा ही अवस्था वेगळी आहे : दाह आणि रक्तातली वाढलेली आम्लता पोट भरलेले असतानाही स्नायू पोखरतात.

संसर्ग चालू असताना पथ्याची घडी बदलावी लागते. कमी प्रथिनांचा आहार त्या काळात थांबवायचा असतो, कारण शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खात असते. स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यांतले पोटॅशियम रक्तात येते, त्यामुळे काहीही न खाणाऱ्या रुग्णाचेही पोटॅशियम वाढू शकते. शिरेतून दिले जाणारे लोह संसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबवतात, कारण लोह जंतूंनाही हवेच असते. मधुमेही रुग्णात इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. खाणे सुटले आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. औषधांचे हिशोबही वेगळे असतात. कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक पोटॅशियम वाढवते, तर सेफेपिम या दुसऱ्या प्रतिजैविकाची मात्रा घटवली नाही तर रुग्ण भ्रमात जाऊ शकतो.

प्रत्यारोपणानंतर चित्र पालटते, कारण शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेशी निगडित संसर्ग, पुढे सहाव्या महिन्यापर्यंत सायटोमेगॅलोव्हायरस किंवा न्यूमोसिस्टिससारख्या, दुबळ्या प्रतिकारशक्तीची संधी साधणाऱ्या जंतूंचे संसर्ग आणि त्यानंतर इतर कोणालाही होतात तसे, असा त्यांचा ढोबळ क्रम असतो. जिवंत विषाणूंच्या लशी आता वर्ज्य ठरतात. स्टेरॉइडने भूक खवळते, वजन व साखर वाढते. कच्चे मांस, न तापवलेले दूध आणि कच्चे मोड आलेले धान्य टाळावे लागते. नवे मूत्रपिंड नीट चालू लागले, की वर्षानुवर्षे मोजून खाल्लेली फळे मात्र बहुतेक रुग्णांना मोकळेपणी खाता येतात. अपवाद ग्रेपफ्रूटचा : त्याने टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, म्हणून ते फळ कायमचे बाजूला राहते.