जंतूवर आरोप सिद्ध कसा होतो : चार कसोट्यांची पार्श्वभूमी

जिवाणू भिंगाखाली पहिल्यांदा दिसले ते १६७० च्या दशकात, हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात. ते माणसाला आजारी पाडतात हे पुराव्यानिशी मांडायला मात्र त्यानंतर दोनशे वर्षे लागली. १८७६ मध्ये तेव्हाच्या प्रशियातल्या एका आडगावच्या सरकारी डॉक्टरने, रॉबर्ट कॉखने, काळपुळीच्या जंतूचे पूर्ण जीवनचक्र दाखवले. प्रयोगशाळा म्हणजे घरातलीच एक खोली, प्रयोगाला उंदीर आणि जंतू वाढवायला गुरांच्या डोळ्याच्या आतला द्रव. सहा वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, याच डॉक्टरने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि पुढची दोन दशके रोगामागून रोगाचा जंतू सापडत गेला.

या धडाक्यामागे साध्यासुध्या सुधारणा होत्या. जिलेटिनवर जंतू वाढवायचे तर शरीराइतक्या तापमानाला ते वितळून जाई. एका संशोधकाच्या पत्नीने स्वयंपाकातला आगर (समुद्री शेवाळातून मिळणारा, घट्टपणा आणणारा पदार्थ) सुचवला आणि ती अडचण मिटली. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या एका डॅनिश डॉक्टरने जांभळा रंग, आयोडीन आणि अल्कोहोल वापरून जंतू रंगवण्याची रीत काढली. काही जंतू रंग धरून ठेवत नाहीत, हा त्याला स्वतःला पद्धतीचा दोष वाटला होता. आज जिवाणूंची पहिली विभागणी त्या ‘दोषा’वरच होते. १८८७ मध्ये झाकणाची काचेची बशी आली. ही साधने अजूनही वापरात आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी फारसे वाद नाहीत. वाद झाले ते पुराव्याच्या नियमांवरून.

कॉखच्या नावाचे हे चार नियम कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असतात : रोग्यात जंतू दरवेळी सापडला पाहिजे, तो शरीराबाहेर शुद्ध वाढवता आला पाहिजे, ती वाढ निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. चौथी पायरी खरे तर नंतर जोडली गेली. पहिल्या तीन पायऱ्या सुटसुटीत स्वरूपात आल्या त्या १८८४ च्या घटसर्पावरच्या निबंधात, आणि गंमत म्हणजे त्याच निबंधात त्या अडखळल्याही. त्याचा लेखक फ्रीडरिख लोफ्लर, कॉखचा सहकारी. त्याने मुलांच्या घशातून घटसर्पाचा जंतू वाढवला, प्राण्यांना टोचला, प्राणी मेले. पण एका ठणठणीत मुलाच्या घशातही त्याला तसाच जंतू मिळाला. काही रोग्यांत तो मिळालाच नाही. सावध स्वभावाच्या या माणसाने मग निर्णायक दावा करायचे टाळले. याच्या इतके प्रामाणिक लिखाण त्या काळात थोडेच सापडते, तरी पाठ्यपुस्तकांत उतरले ते नियम. त्याची शंका मागे राहिली.

पटकीच्या बाबतीत तर नियम सरळ बाजूला ठेवावा लागला. १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि मग कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रोग्यांच्या आतड्यांत आणि तलावाच्या पाण्यात दिसला. एकाही प्राण्याला पटकी होईना. शोध लावणाऱ्या पथकाच्या प्रमुखाने, म्हणजे कॉखने, म्हटले की माणसाशिवाय हा रोग कुणाला होतच नसेल, तर जंतूची रोग्यातली कायमची हजेरी पुरेशी मानावी. म्हणजे ज्याच्या नावाने हे नियम ओळखले जातात, त्यानेच त्यातून सूट घेतली. म्युनिकच्या एका नामवंत प्राध्यापकाला हे मान्य नव्हते. त्याच्या मते माती आणि भूजल यांच्याशिवाय पटकी पसरत नाही. ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्याने पोटातले आम्ल सोड्याने मारून जिवंत जंतूंचे पाणी प्यायले. त्याचे जुलाबांवर निभावले आणि आपण जिंकलो असे त्याने मानले. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने ८,००० हून अधिक माणसे गेली. शेजारचे आल्टोना शहर नदी तीच असूनही पाणी गाळत होते आणि ते बरेचसे वाचले.

नियम पाळायच्या हट्टाची काळी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये दिसला, पण तो कशावरच वाढेना. आजही तो कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. पुराव्यासाठी उतावीळ झालेल्या शोधकर्त्याने १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश टोचला. ती न्यायालयात गेली. १८८० मध्ये त्याला रुग्णालयातले पद सोडावे लागले. त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. शोधाचे श्रेय मात्र त्याच्याकडेच राहिले.

त्यापेक्षा महागात पडला तो नियमांचा आभास. १८९२ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांच्या थुंकीत एक बारीक जिवाणू मिळाला आणि तोच कारण ठरवला गेला. १९१८ च्या साथीत त्याच्याविरुद्ध लसी बनवून टोचल्या गेल्या. खरे कारण असलेला विषाणू १९३३ मध्ये लंडनला फेरेट या प्राण्यांत दिसून आला. बिचाऱ्या जिवाणूच्या नावात इन्फ्लुएन्झा अजून चिकटून आहे. विषाणू सामान्य भिंगाखाली दिसत नाहीत आणि जिवंत पेशीशिवाय वाढत नाहीत. म्हणजे ‘शुद्ध वाढ’ ही अट त्यांना अक्षरशः लावताच येत नाही. हे १८९८ पासून हळूहळू कळत होते, पण नियमांची फेरमांडणी व्हायला १९३७ उजाडले.

घटसर्पाच्या त्या निरोगी मुलाचे कोडे त्याहून उशिरा, १९५१ मध्ये सुटू लागले. घटसर्पाचा जिवाणू विष तयार करतो खरा, पण त्या विषाचा जनुक मुळात त्याचा नसतो. जिवाणूंना ग्रासणारा एक विषाणू तो आणतो. जनुक आला तर जिवाणू विषारी, नसला तर बऱ्याचदा घशातला निरुपद्रवी भाडेकरू. भिंगाखाली दोघे सारखेच दिसतात. पटकीच्या विषाचेही असेच आहे, हे १९९६ मध्ये दिसून आले. त्याआधीच, १९८८ मध्ये, नियम नव्याने मांडले गेले तेव्हा आरोपी म्हणून अख्ख्या जिवाणूऐवजी त्यातला जनुक उभा केला गेला : तो काढला की रोगकारकता घटली पाहिजे, परत घातला की परतली पाहिजे.

जुन्या कसोटीचा मोह तरीही सुटत नाही. पोटातल्या व्रणाचा संबंध ज्या वळणदार जिवाणूशी आहे, तो १९८२ मध्ये पर्थमध्ये ईस्टरच्या सुट्टीत बश्या जास्त दिवस तशाच राहिल्यामुळे वाढला. प्राण्यांवर प्रयोग जमेना, म्हणून १९८४ मध्ये एका संशोधकाने जंतू स्वतः प्यायला. त्याला जठराचा दाह झाला. व्रण झालाच नाही, ही गोष्ट सांगताना बहुधा गाळली जाते. जगात निम्म्याच्या आसपास माणसे हा जंतू पोटात घेऊन फिरतात आणि बहुतेकांना व्रण होत नाही. २००५ मध्ये या शोधाला नोबेल मिळाले, ते योग्यच होते, पण ते एका घोटामुळे नव्हे. जंतू मारल्यावर व्रण पुन्हा होत नाहीत, हा पुरावा जास्त वजनदार होता.

१९८९ मध्ये हिपॅटायटिस सी चा विषाणू तर न पाहता, न वाढवता, केवळ जनुकीय तुकड्यावरून सापडला. याच काळात एड्सचा विषाणू कसोट्यांना उतरत नाही म्हणून तो कारणच नाही, असे म्हणणारा एक गट उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००० च्या सुमारास त्याचे ऐकले आणि औषधे रोखली. नंतरच्या एका अभ्यासाने त्यापायी गेलेले जीव ३ लाख ३० हजारांहून अधिक मोजले. २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, ‘विषाणू शुद्ध स्वरूपात कुणी दाखवलाच नाही’ हा दावा पुन्हा फिरला, विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारीतच जाहीर झालेला असताना. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांचा असा वापर त्या नियमकर्त्यांनाही मानवला नसता.

सापडलेला जंतू दोषी की नुसता हजर, हा प्रश्न तपासणीच्या टेबलावर दररोज येतो. ई. कोलाय हा जिवाणू शौचाच्या नमुन्यात वाढला तर त्यात नवल नाही, कारण त्याचे घरच ते. लघवीत तो वाढला तर मोजावा लागतो. १९५० च्या दशकापासून मिलीलिटरला १ लाख जंतू ही रेषा धरली जाते, आणि जळजळ होत असेल तर त्याहून कमी संख्याही ग्राह्य मानतात. मेंदूभोवतालच्या पाण्यात मात्र तो थोडासा वाढला तरी अहवाल लिहून होण्याची वाट न पाहता थेट फोन करतात.