पांढऱ्या तारेवरचा लेप आला कशासाठी?

दाताला तारा लावायच्या, पण दिसायला नकोत, ही मागणी आता सांगलीतही नवी राहिलेली नाही. दाताच्या रंगाची, लेप दिलेली तार त्यातूनच आली. ‘कोटिंग आहे म्हणजे गंजायची नाही,’ असं बरेच पालक धरून चालतात. पण या लेपाचा गंजाशी मुळात फारसा संबंध नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याच्या मिश्रधातूच्या तारा चालायच्या. लाळेत सोन्याला काही होत नाही. अडचण किमतीची होती. १९३०च्या दशकापासून स्टेनलेस स्टील रुळलं. त्यातलं सुमारे १८ टक्के क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतं आणि ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा जमतो. लाळेतल्या क्लोराइडने मात्र तो जागोजागी फुटतो आणि सूक्ष्म खड्डे पडतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज अँड्रिसन यांनी निकेल-टायटॅनियमची तार दंतोपचारात आणली. ही मिश्रधातू मूळची अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतली. तिच्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांची काळजी वाढली. तिचं रक्षण टायटॅनियम ऑक्साइड करतं; पण दात किडू नयेत म्हणून लावलं जाणारं आम्लयुक्त फ्लोराइड जेल त्यालाच खातं.

१९८०च्या दशकात सिरॅमिकचे, दाताच्या रंगात मिसळणारे ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे ठोकळे) आले आणि त्यांतून जाणारी चकचकीत तार डोळ्यांत खुपू लागली. मग टेफ्लॉन आणि इपॉक्सी या प्लास्टिकसारख्या पदार्थांचे लेप पुढे आले. लेप अखंड असेल तोवर धातूला लाळ लागत नाही, म्हणून कृत्रिम लाळेतल्या चाचणीत नवी कोरी तार छान उतरते. पण तोंड म्हणजे काचेचं भांडं नव्हे. ब्रॅकेटच्या कडेला घासून, ब्रशने, भडंग-शेंगदाणे चावताना लेप उचकटतो. उचकटलेल्या कडेखाली लाळ साचते, तिथला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही. गंज मग नेमका त्या फटीत जोर धरतो. उघड्या तारेपेक्षा ही अवस्था वाईट ठरू शकते.

काही तारांना तर फक्त ओठांकडच्या बाजूनेच लेप असतो, जिभेकडची बाजू उघडीच. गंज रोखायचा असता, तर अर्धी तार उघडी कोण ठेवेल?