कुणपजल : अद्भुत प्राण्यांच्या खतामागची पार्श्वभूमी

अद्भुतरम्य जगात ड्रॅगनचे शेण वाफ्यात मिसळले की रातोरात पीक उभे राहते, फिनिक्सच्या राखेतून वेल उगवते, आणि एका जगप्रसिद्ध संगणकीय खेळात तर सांगाड्याच्या हाडांची भुकटी रोपावर टाकताच त्याचा वृक्ष होतो. मराठीत असे जग रचायला बसणारा लेखकही बहुधा ड्रॅगनच उसना आणतो. खरे तर प्राण्याच्या देहातले सामर्थ्य झाडात उतरवण्याची कल्पना आपल्याकडच्या वृक्षायुर्वेदाच्या, म्हणजे झाडांची निगा सांगणाऱ्या शास्त्राच्या, ग्रंथांत हजार वर्षांपूर्वीच तपशिलासह मांडलेली आहे. प्राण्यांचे मांस कुजवून केलेल्या या द्रवखताचे नाव कुणपजल, आणि त्या शब्दाभोवती एक गुंताही आहे.

प्राचीन भाग थोडक्यात सांगता येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना हाडे, शेण आणि लहान मासे यांचा खत म्हणून उल्लेख येतो; त्याच प्रकरणात सरकी आणि सापाची कात जाळून धूर केल्यास तिथे साप राहत नाहीत, असाही उपाय दिलेला आहे. सहाव्या शतकातील बृहत्संहितेत अंकोल या झाडाच्या फळाचा कल्क (वाटलेला लगदा) किंवा तेल यांत शंभर वेळा भिजवून मुरवलेले बी गारा मिसळलेल्या मातीत पेरले तर ते तत्क्षणी उगवते आणि फांद्या फळांनी लगडतात, असे सांगून ग्रंथकार ‘किमद्भुतम्’, म्हणजे यात नवल ते काय, असे विचारतो. आजच्या अद्भुतकथेतील झटपट वाढणाऱ्या झाडाचे याहून जवळचे पूर्वरूप शोधण्याची गरज नाही.

या ग्रंथांची भूमिका समजण्यासाठी एक शब्द पुरेसा आहे. अर्थशास्त्रातील त्याच विवेचनात झाडांना योग्य वेळी ‘दौहृद’ द्यावे असे म्हटले आहे. दौहृद किंवा दोहद म्हणजे गर्भिणीची इच्छा, म्हणजेच मराठीतील डोहाळे. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्यावर अशोक फुलतो आणि मद्याची चूळ अंगावर पडल्यावर बकुळ फुलतो, हा काव्यातील संकेत याच शब्दातून आला. खत ही जमिनीची भरपाई आहे असे आपण आज मानतो. तेव्हा मात्र ते डोहाळे लागलेल्या सजीवाला द्यायचे जेवण होते, आणि म्हणूनच ते कोणत्या प्राण्याचे आहे याला महत्त्व होते.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, या जेवणाची सविस्तर कृती येते. रानडुकराची विष्ठा, मज्जा, मांस, मेंदू आणि रक्त पाण्यात कालवून जमिनीत पुरून ठेवले की त्याला कुणप म्हणावे, असे ग्रंथ सांगतो. मासे, मेंढा, बोकड आणि इतर शिंगे असलेल्या प्राण्यांची चरबी, मज्जा व मांस मिळेल तसे साठवावे, पाण्यात शिजवून मडक्यात भरावे, त्यात दूध, तिळाच्या पेंडीची पूड, मध, शिजवलेले उडीद, थोडे तूप आणि गरम पाणी घालून ते मडके पंधरा दिवस उबेच्या जागी ठेवावे. कशालाही ठरावीक माप नाही. मांसातील प्रथिने कुजून त्यांचे झाडाला सहज घेता येईल अशा नत्रात रूपांतर होते, एवढे विज्ञान त्यामागे आहे. याच ग्रंथात फुलांचा रंग पालटण्याचे आणि अवेळी बहर आणण्याचे उपायही आहेत.

कुणपजल या नावाचा खरा वाद त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी सुरू झाला. सुरपालाच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातून मिळवली गेली, १९९६ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि कुणपजल पुन्हा शेतावर आले. पुढे मांस वगळून तण, पालापाचोळा, शेण, गोमूत्र, गूळ आणि कडधान्ये यांपासून केलेल्या द्रावणालाही ‘हर्बल कुणपजल’ म्हटले जाऊ लागले. हे नाव देण्याचा निर्णय मूळ अर्थाशी विसंगत आहे. संस्कृतात कुणप म्हणजे प्रेत. मांस हाताळू न इच्छिणाऱ्या शेतकऱ्याची सोय समजण्यासारखी आहे, आणि वनस्पतींचे द्रावण उपयोगी असू शकते, हेही मान्य करायला हवे. परंतु प्रेताशिवायच्या प्रेतजलाला तेच नाव दिल्याने ग्रंथातील मूळ कल्पनाच झाकली जाते. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात तर आणखी एक सरमिसळ होते, कारण त्याने पाहिलेले असते ते जीवामृत : दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती टाकून काठीने ढवळलेले. वास आणि आंबण्याची प्रक्रिया यांमुळे दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात जीवामृताला जिवंत गाय लागते, तर मूळ कुणपजलाला मेलेला प्राणी लागतो.

हा फरक कल्पित जगाच्या रचनेलाही लागू पडतो, कारण विष्ठेवर चालणाऱ्या शेतीत प्राणी जपावा लागतो. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील समुद्रपक्ष्यांची विष्ठा हे इंका राज्याचे मोलाचे खत होते, आणि पक्षी मारणाऱ्याला मृत्युदंड होता, असे जुन्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. ‘ग्वानो’ हा शब्द तिथल्या केचुआ भाषेतूनच जगभर गेला. १८४० नंतर हे खत जहाजांनी युरोपात जाऊ लागले, १८६४ मध्ये स्पेनने यांपैकीच पेरूची चिंचा बेटे ताब्यात घेतल्याने युद्ध पेटले, आणि काही दशकांतच तिथले मोठे साठे संपले. आपल्याकडे याच व्यवस्थेचे शांत रूप आहे. पीक निघाल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवतात. रात्रभर कळप त्या वावरात बसतो, सकाळी लेंड्या आणि मूत मातीत मुरलेले असते, आणि त्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढीला कोणी हात लावत नाही, कारण पुढच्या रात्री तिला दुसऱ्याच्या शेतात बसायचे असते.