पाठ टाचण

वर्गात घ्यायच्या एका पाठाची शिक्षकाने आधी करून ठेवलेली लेखी आखणी. मुलांना काय यायला हवे, त्यासाठी ती वर्गात काय करतील, शिक्षक कोणते प्रश्न विचारेल आणि शिकणे झाले की नाही हे कशावरून ठरेल, एवढे त्यात नेमके असावे लागते. महाराष्ट्रातील शाळांत नियोजनाचे साधारण तीन थर असतात. वार्षिक नियोजनात वर्षाचा अभ्यासक्रम महिन्यांत विभागला जातो, घटक नियोजनात एका घटकाच्या तासिका ठरतात आणि टाचण एका तासिकेचे असते. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास किमान ठरवले आहेत. चाचण्या, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि गावची जत्रा यांत जाणारे दिवस वजा केल्याशिवाय वार्षिक नियोजन केले, तर शेवटचे घटक उरकले जातात. त्याच कायद्यातील शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीचा वेळही धरलेला आहे.

टाचणाच्या रूढ आराखड्याचे मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीडरिक हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारात आहे. त्यांनी सांगितलेल्या अध्यापनाच्या चार पायऱ्यांच्या त्यांच्या अनुयायांनी पाच केल्या आणि अध्यापक विद्यालयांत ती ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून रुजली. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडल्यानंतर ज्ञान, आकलन, उपयोजन ही उद्दिष्टे व त्यांची स्पष्टीकरणे (मूल नेमके काय करून दाखवेल याची वाक्ये) टाचणवहीत आली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचारावर, भर दिला, २०१७ पासून अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यायला हवे याची विधाने, लिहिल्या जाऊ लागल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय हे रकाने मात्र बहुतेक ठिकाणी टिकून आहेत. रकाने भरले म्हणजे टाचण झाले असे नाही. गेल्या वर्षीचे किंवा विकतच्या वहीतले टाचण उतरवून काढले, तर समोरच्या मुलांची चूक कुठे होणार आहे याचा विचारच होत नाही, आणि टाचणाचे खरे काम तेच आहे.

उदाहरणासाठी पाचवीचा ‘अपूर्णांकांचा लहानमोठेपणा’ हा उपघटक घेऊ. वर्ग ३६ मुलांचा, तासिका ३५ मिनिटांची. ‘मुलांना अपूर्णांक समजतील’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता हे मूल सांगेल व कागदाच्या पट्टीवर दाखवून कारण देईल’ हे मोजता येते. इथली ठरलेली चूक अशी, की ४ हा ३ पेक्षा मोठा म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे मुले म्हणतात. ही चूक टाचणात आधीच लिहून ठेवावी.

साहित्य म्हणजे कागदाच्या पट्ट्या. लांबी २४ सेंमी घ्यावी, कारण २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ ने नि:शेष भाग जातो. रुंदी ३ सेंमी ठेवली तर ए-४ आकाराच्या एका कागदातून ७ पट्ट्या निघतात. दोघांत मिळून चार, अशा १८ जोड्यांना ७२ पट्ट्या लागतात, म्हणजे ११ कागद. चार-चारच्या गड्ड्या आदल्या दिवशीच बांधून ठेवाव्यात. वर्गात वाटत बसले की पाच मिनिटे जातात. घडी घालून तीन समान भाग करणे मुलांना अवघड जाते, म्हणून मोजपट्टीने दर ८ सेंमीवर खूण करायला सांगावे. चौथाईसाठी दोनदा घडी पुरते. पट्ट्या रंगवायला सांगू नयेत. मुलांना ते फार आवडते, पण तासिका रंगकामातच संपते आणि तुलना राहून जाते. पाठ रंजक करण्याच्या नादात होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे.

पहिली पाच मिनिटे पूर्वज्ञानाची. पाव किलो आणि अर्धा किलो बाजारामुळे प्रत्येक मुलाच्या ओळखीचे असतात. ‘पाव म्हणजे चारातला एक, अर्धा म्हणजे दोनातला एक. ४ मोठे, मग पाव किलो जास्त का नाही?’ या एका प्रश्नात मुलाचे स्वतःचे ज्ञानच त्याच्या चुकीला अडवते. तृतीयांशाला रोजच्या खरेदीत असा रुळलेला शब्द नाही, म्हणून सुरुवात १/३ पासून करू नये. पुढची १२ मिनिटे जोड्यांनी पट्ट्यांवर १/२, १/३, १/४ व १/६ दाखवायचे आणि एकाखाली एक लावायचे. त्यानंतरची आठ मिनिटे चर्चेची आणि सहा मिनिटे वहीतल्या सरावाची.

चर्चेचे प्रश्न टाचणात शब्दशः लिहावेत. ऐन वेळी सुचणारा प्रश्न बहुधा ‘समजलं का?’ असतो आणि त्याला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ‘भाग वाढले तर एका भागाचे काय होते? का?’ हा प्रश्न कारण मागतो. प्रश्नानंतर थांबणेही ठरवून करावे लागते: अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले, आणि तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरे लांब व सकारण होऊ लागली.

इथे आणखी एक खड्डा आहे. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असा नियम मुले लगेच बनवतात आणि तो कुठेही लावतात. मग ३/४ त्यांना १/२ पेक्षा लहान वाटतो. म्हणून सरावात ही जोडी मुद्दाम घालावी आणि पट्टीवर १८ सेंमी व १२ सेंमी मोजायला लावावे. फळ्यावर भाकऱ्या काढून तुलना करणार असल्यास दोन्ही वर्तुळे एकाच मापाची हवीत. ज्याचे भाग करायचे ती पूर्ण वस्तूच वेगवेगळ्या मापाची असली तर तुलनेला अर्थ उरत नाही.

शेवटची चार मिनिटे चिठ्ठीची: ‘१/५ आणि १/७ यांत मोठा कोणता? का?’ चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत: उत्तर व कारण बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, उत्तर चूक. दुसरा गठ्ठा नीट वाचावा, त्यात अंदाजाने लिहिणारी मुले असतात. तिसऱ्या गठ्ठ्यात साधारण बारापेक्षा जास्त चिठ्ठ्या आल्या, तर उद्याचे टाचण बदलून तिथूनच सुरू करावे.

द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतात, तेव्हा टाचणाचे स्वरूप बदलते. शिक्षक एका गटाजवळ १५ मिनिटे बसतो, तोवर दुसरा गट स्वयंअध्ययन करतो, मग अदलाबदल. यात बिघडते ते स्वयंअध्ययनाच्या कामात. ते पाच मिनिटांत संपले की गोंगाट सुरू होतो आणि शिक्षकाला शिकवणे सोडून उठावे लागते. ठरलेल्या वेळेच्या दीडपट पुरेल एवढे, शिक्षकाला न विचारता समजेल असे काम कार्डांवर लिहून ठेवावे आणि उत्तरे कार्डाच्या मागे द्यावीत, म्हणजे मुले स्वतःच तपासतात. एकच घटक दोन इयत्तांना वेगवेगळ्या पातळीवर देता आला तर पट्ट्यांसारखे साहित्य दोघांनाही चालते: तिसरीची मुले अर्धा आणि पाव दाखवतात, चौथीची त्याच पट्ट्यांवर तुलना करतात.