कुंभारजुवे कालवा: मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाणारी पावसाळी वाट

गोव्यात मांडवीकाठचे लोहखनिज जुवारी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात न्यायचे तर सरळ वाट पणजीवरून, आग्वादजवळच्या मांडवीच्या मुखातून. पण नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मुखाशी वाळूचा दांडा धरतो, त्यावर लाटा फुटतात, आणि सपाट बुडाची, भरलेली बार्ज तिथून काढणे जिवावरचे होते. मग बार्ज मुखापासून सुमारे १४ किलोमीटर आतच वळतात, कुंभारजुवे कालव्याने दक्षिणेला जातात आणि जुवारीच्या मुखापासून सुमारे ११ किलोमीटरवर बाहेर पडतात. ही आडवाट नसती तर पावसाळ्यात मांडवीकडचे खनिज धक्क्यांवरच पडून राहिले असते.

खनिजाच्या फार आधीपासून या पाण्याला मोल होते, ते ओलांडायच्या जागांमुळे, म्हणजे उतारांमुळे. तिसवाडी हे बेट आहे ते याच्याचमुळे, आणि बेटावर यायचे तर कालवा ओलांडावा लागे. अशाच उतारावरचा बाणस्तारीचा कोट पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने १५१२ मध्ये वेढा घालून घेतला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री ओहोटी साधून जुवे बेटावरचा पोर्तुगीजांचा किल्ला घेतला. भरती-ओहोटीचे वेळापत्रक ज्याच्या हाती, त्याची सरशी.

मुरगावला बंदर आणि रेल्वे आली १८८० च्या दशकात. खनिजाचा व्यापार मात्र खरा फोफावला दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानी पोलाद कारखान्यांच्या मागणीवर. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाणी नद्यांपासून जवळ, त्यामुळे ट्रकने धक्क्यापर्यंत आणि पुढे बार्जने हे गणित स्वस्त पडले.

कालवा सुमारे १७ किलोमीटरचा, दोन्ही टोके खाडीला उघडी. भरतीचे पाणी दोन्हीकडून शिरते. जिथे दोन प्रवाह भेटतात तिथे पाणी मंदावते आणि गाळ बसतो. भरलेल्या बार्जला तळाखाली पाणी हवे, म्हणून ती चढत्या भरतीवर कालव्यात शिरते. परतताना उलटे: रिकामी बार्ज उंच तरंगते, तेव्हा पुलाखालून जाताना पाणी उतरलेले बरे. वेग वाढवला तर उथळ पाण्यात बार्ज आणखी खाली बसते आणि गाळाला टेकते. काठाजवळ गेले तर पाण्याची ओढ मागची बाजू काठाकडे खेचते, नाक मधल्या धारेकडे वळते आणि सुकाणू उशिरा ऐकते. समोरून दुसरी बार्ज येत असेल तर ही चूक सावरायला जागा उरत नाही.

जुवारीत आल्यावर खेळच बदलतो. ओहोटीबरोबर सुटले की ११ किलोमीटर झटपट सरतात, पण मुखाकडे ओहोटी आणि समोरचा वारा एकमेकांना भिडतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. कालव्यात उघडा चालणारा खनिजाचा हौद इथे झाकलेला हवा, आणि पाणी उपसायचे पंप निघण्याआधी चालवून पाहिलेले. बंदराच्या हद्दीत व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर कान ठेवून, मोठ्या जहाजाच्या खोल वाटेत न रेंगाळता बाजूने जायचे. त्या जहाजाला थांबायला फार अंतर लागते. वाट आपणच सोडायची.

काठावरच्या लोकांना बार्ज आवडाव्यात असे काही नव्हते. खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेती, मातीच्या बांधांवर आणि मानशींवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, उभी. मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. बार्जच्या लाटांनी बांधाचा पाया खचला की खारे पाणी शेतात शिरते. त्याच बांधांच्या रक्षणासाठी कालव्याच्या परिसरात माणगे थापणी होते, चिखलाची मगर घडवून तिची पूजा. खऱ्या मगरीही कालव्यात आहेत. गाळात बार्ज रुतली तर उगाच पाण्यात उतरू नये.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१५ ला काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मधल्या काळात, २०१६ च्या कायद्याने हा कालवा राष्ट्रीय जलमार्ग २७ झाला. मांडवी ६८, जुवारी १११. क्रमांक मिळाल्याने गाळ हटत नाही. वाहतूक थांबली की तळ वर येतो, म्हणून जुन्या खोलीच्या आकड्यांवर भरलेली बार्ज आत घालायची नाही. आधी मोजमाप, मग भरणी.