सर्व्हर चालू, तरी आरपीसी फेल: ही भानगड आली कुठून

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात कोणत्याही मजल्यावर जा, कोणी ना कोणी म्हणूनच राहिला असतो, "आरपीसी फेल होऊन राहिलं यार, पण सर्व्हर तर चालू आहे". आणि तो खोटं बोलत नाही, सर्व्हर खरंच चालू असतो. हा गोंधळ आजचा नाही, आरपीसीची (म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉलची) आयडिया निघाली तेव्हापासूनचा आहे, कारण तिचं मूळ आकर्षणच हे होतं की दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्राममधलं असल्यासारखं बोलवता यावं, मधलं नेटवर्क दिसूच नये. आता जे दिसत नाही ते बिघडलं तर मेसेज तरी काय देणार.

१९७६ मध्ये जेम्स व्हाइट यांनी आरएफसी ७०७ या नेटवर्कवरच्या तांत्रिक टिपणात ही कल्पना मांडली, आणि गंमत म्हणजे त्यांनीच तिथे लिहून ठेवलंय की लोकल कॉल स्वस्त असतो, रिमोट कॉल नसतो. ते वाक्य लोकांनी वाचलं आणि सोडून दिलं. मग ब्रूस नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलनमध्ये याच विषयावर पीएचडी केली आणि १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल आणि नेल्सन यांचा झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या कामावरचा पेपर आला. आज आपण जे स्टब स्टब करतो (इकडचा स्टब पॅरामीटर पॅक करून पाठवतो, तिकडचा उघडून खरं फंक्शन चालवतो) त्याची नीट मांडणी तिथली. पण माझ्या मते त्या पेपरातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे: उत्तर आलं तर काम बरोब्बर एकदा झालं, आणि एरर आला तर काम एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल, यातलं नक्की काय ते सांगता येत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर कळमना मार्केटमधल्या एखाद्या आडत्याचा विचार करा. संत्र्याच्या लॉटची एंट्री टाकली, सेव्ह दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि टाइमआउट. रिक्वेस्ट पोचलीच नसेल, किंवा पोचून मधातच मेली असेल, किंवा एंट्री पडली पण उत्तर परत येताना हरवलं असेल. तिन्हीत स्क्रीनवर तोच लाल डबा. तो बिचारा पुन्हा दाबतो आणि तिसरी केस असली की एका लॉटच्या दोन एंट्र्या, मग संध्याकाळी हिशेबाला बसले की बोंबाबोंब. उपाय जुनाच आहे, रिक्वेस्ट पाठवायच्या आधीच तिला एक आयडी द्यायचा, सर्व्हरने तो लक्षात ठेवायचा आणि तोच आयडी दुसऱ्यांदा आला की नवं काम न करता जुनंच उत्तर द्यायचं. तरी अर्ध्या प्रोजेक्टमध्ये हे नसतं, काहून नसतं देव जाणे.

मधल्या काळात सन मायक्रोसिस्टम्स कंपनीचं आरपीसी आलं, एनएफएस (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल वापरायची सोय) त्याच्यावरच चालायचं, १११ नंबरच्या पोर्टवर पोर्टमॅपर (कोणती सर्व्हिस कुठे आहे ते सांगणारा) बसायचा आणि "प्रोग्राम नॉट रजिस्टर्ड" असा एरर आला की समजायचं, मशीन जिवंत आहे पण सर्व्हिसने नाव नोंदवलेलं नाही. विंडोजवाल्यांचा एरर १७२२, म्हणजे "आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल". २००३ च्या ऑगस्टमध्ये सीताबर्डीतल्या सायबर कॅफेत बसणाऱ्यांना ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) आठवत असेल, आरपीसी सर्व्हिस अचानक बंद पडली म्हणून ६० सेकंदात मशीन रीस्टार्ट, समोर उलटी गिनती, आणि रनमध्ये जाऊन शटडाउन मायनस ए टाकणारा पोरगा त्या दिवसापुरता हिरो. त्याचा पॅच जुलैमध्येच येऊन गेला होता बरं का.

वेबवर हे सगळं आलं १९९८ च्या एक्सएमएल-आरपीसीने, डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टची माणसं त्यात होती. फायरवॉलमधून एचटीटीपी तर जातेच, मग कॉल त्याच्यातच कोंबा, असा हिशेब. तिथेच एक सवय लागली जी आजही छळते: खालच्या पातळीवर काही बिघडलं नसेल तर एचटीटीपीचा स्टेटस कायम २००, म्हणजे सगळं ठीक, खरा एरर आत बॉडीत. जेसन-आरपीसी (तेच, पण एक्सएमएलऐवजी जेसनमध्ये) वापरणाऱ्यांनीही बरेचदा तेच केलं. म्हणून ओडूसारख्या धंद्याचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपमध्ये ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सगळं २०० आणि स्क्रीनवर मात्र सर्व्हर एरर. वजा ३२६०१ दिसला तर मेथडच सापडली नाही, वजा ३२६०२ म्हणजे पॅरामीटर चुकले, एवढे दोन पाठ असले तरी खूप वेळ वाचतो.

२००६ च्या गूगल वेब टूलकिटची (जावात लिहिलेला कोड ब्राउझरमध्ये चालवायचं साधन) तऱ्हा अजून वेगळी. नवं बिल्ड डिप्लॉय झालं आणि कोणाच्या ब्राउझरमध्ये सकाळपासूनचा जुना टॅब उघडा असला की दोन्हीकडच्या क्लासचा मेळ बसत नाही आणि इनकम्पॅटिबल रिमोट सर्व्हिस एक्सेप्शन येतं. डेव्हलपरच्या मशीनवर हे कधीच दिसत नाही, कारण तो दर दोन मिनिटाला रिफ्रेश मारूनच राहिला असतो.

२०१५ मध्ये गूगलने जीआरपीसी हे आपलं आरपीसी खुलं केलं. यात खरा स्टेटस एचटीटीपी/२ च्या ट्रेलरमध्ये (उत्तराच्या शेवटी येणाऱ्या हेडरमध्ये) येतो आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ट्रेलर वाचताच येत नाहीत, म्हणून जीआरपीसी-वेब आणि मधात एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी, म्हणजे दोघांमधला मध्यस्थ सर्व्हर. त्या प्रॉक्सीच्या कॉर्स सेटिंगमध्ये (दुसऱ्या साइटचं काय वाचू द्यायचं ते ब्राउझरला सांगणारं) जीआरपीसी-स्टेटस हेडर एक्सपोज करायचं राहिलं की सर्व्हरने दिलेला नेमका कोड ब्राउझरपर्यंत पोचत नाही, फ्रंटएंडवाला बॅकएंडवाल्याशी भांडतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कोड ४, डेडलाइन एक्सीडेड, याच्याबद्दल तर डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की काम यशस्वी झालेलं असलं तरी हा एरर येऊ शकतो, म्हणजे १९८४ ची तीच गोष्ट.

आणि सगळ्यात जास्त येणारा एरर तर आरपीसीचा नसतोच. जेसनची वाट बघणाऱ्या कोडला "अनएक्स्पेक्टेड टोकन" मिळतं आणि पुढे ते कोनाचं चिन्ह (<), कारण उत्तर ॲपने दिलेलंच नाही, मधल्या एनजिनएक्स या प्रॉक्सीने ५०४ चं, म्हणजे मागून वेळेत उत्तर आलं नाही असं सांगणारं, एचटीएमएल पान पाठवलंय. मोठा रिपोर्ट काढला की बरोबर साठाव्या सेकंदाला हे होतं, एनजिनएक्सचं प्रॉक्सी रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचंच असतं, आणि मागचा सर्व्हर तो रिपोर्ट बनवतच राहतो.