दहा हजार वॅट झेलणारा एक वॅटचा रेझिस्टर

एलईडी बल्ब उघडला की वीज आत शिरते तिथेच बहुतेक वेळा एक छोटा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, सापडतो. समजा तो 10 ओहमचा, 1 वॅटचा आहे आणि पुढचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, 4.7 मायक्रोफॅरडचा. घरातली 230 व्होल्टची वीज प्रत्येक लाटेच्या माथ्यावर 325 व्होल्टपर्यंत चढते. नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं गेलं, तर रिकामा कपॅसिटर काहीच अडवत नाही आणि जवळजवळ सगळा दाब (व्होल्टेज) रेझिस्टरवर येतो. 325 चा वर्ग भागिले 10, म्हणजे 10,500 वॅटहून जास्त!

तरी तो जळत नाही, कारण दर 47 मायक्रोसेकंदांनी प्रवाह साधारण 37 टक्क्यांवर उतरतो. कपॅसिटर भरेपर्यंत रेझिस्टरमध्ये जिरणारी ऊर्जा फक्त पाव ज्यूल. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, त्यामुळे एवढी तर तो एरवी पाव सेकंदात सहज पचवतो. म्हणून अशा क्षणिक माऱ्यासाठी वॅट नाही, ज्यूल मोजायचे. रेझिस्टरचा वॅटचा आकडा सतत चालणाऱ्या कामासाठी असतो, तोही बहुधा भोवतीचं तापमान 70 अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर.

पण पाव ज्यूल जिरतो कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. वायरवाउंडमध्ये, म्हणजे तार गुंडाळून केलेल्या रेझिस्टरमध्ये, तो तारेच्या अख्ख्या धातूत पसरतो. फिल्म रेझिस्टरमध्ये मात्र सिरॅमिकवर अतिशय पातळ थर असतो. इतक्या कमी वेळात उष्णता खालच्या सिरॅमिकमध्ये फारशी उतरत नाही, थरच भाजून निघतो. जाड तवा आणि पातळ पत्रा यांतलाच हा फरक. दोघांचीही क्षमता ‘1 वॅट’च सांगितलेली असते, आणि घोटाळा इथेच होतो.

डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, ‘अडीचपट व्होल्टेज, 5 सेकंद’ अशी चाचणी दिसते. म्हणजे सव्वासहापट वॅट. तिच्यावरून मायक्रोसेकंदांचा अंदाज बांधू नये. त्यासाठी पल्सचा, म्हणजे अशा क्षणिक माऱ्याचा, वेगळा आलेख बघावा. व्होल्टेजची कमाल मर्यादाही तपासावी, मारा कितीही कमी वेळाचा असला तरी ती लागू असते. मारा वारंवार होत असेल तर दर सेकंदाचे ज्यूल मिळवून सरासरी वॅटही बघावे लागतात.

बल्ब दुरुस्त करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. इथला रेझिस्टर बहुधा फ्यूजेबल असतो. पुढे शॉर्ट झाला तर ज्वाळा न होता तुटणं, हेही त्याचं काम. त्याच्या जागी हाताला लागेल तो साधा रेझिस्टर बसवू नका.